थर्मामीटर घेऊन मुखेडला

बर्फाच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसाला थंडीबद्दल कोण काय सांगणार, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. माझं तर होतंच. रत्नागिरीच्या बंदरावर मासळीसाठी लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या आम्ही काढतो. लाद्या रचून ठेवायची जी खोली असते तिथे मी नुसत्या बनियनवर अर्धा अर्धा तास उभा राहतो आणि विडी ओढायची इच्छा होते म्हणूनच बाहेर येतो. त्यामुळे माझ्या भाचीला सासरी थंडी सोसवत नाही असा निरोप आला तेव्हा घरातल्या सगळ्या माना आपोआप माझ्याकडे वळल्या.

निरोपाची गंमत अशी की तो एकाच माणसाच्या तोंडून दोन बाजूंनी आला. आमच्या वाडीतला एकजण नोकरीनिमित्त लातूरला असतो. तो वंदनाच्या सासरी डोकावून मग सुटीवर आला आणि ताईला म्हणाला, "वंदना म्हणते, इथली थंडी जीव घेते. मामाला पाठव, मला घेऊन जायला सांग." ताई रडायला लागली. तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "पण जावईबापूंनी पण सांगितलंय. म्हणतात, आमच्याकडे थंडीबिंडी काही नाही, मुलीचं मन लागत नाही, एवढंच." आता यातलं खरं काय? वंदना लहानपणापासून खोटं बोलणारी नाही, आणि जावई गौतम तर इतका सरळ की लग्नात बुद्धवंदना म्हणताना मधे एक ओळ चुकली म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटली होती. भावोजी मुंबईला गोदीत. तेव्हा जायचं मी, बघायचं मी, आणि ठरवायचंही मीच. मी कारखान्यातला लाकडी पट्टीवरचा थर्मामीटर मालकांना विचारून पिशवीत टाकला. माणसं काहीही बोलतात, पारा बोलत नाही, असं ताईला ऐटीत सांगून मी निघालो.

लातूर

उसना स्वेटर, त्यावर मफलर, डोक्याला माकडटोपी अशा थाटात मी लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा भरदुपार होती आणि लोक सदऱ्याच्या बाह्या सरसावून उसाचा रस पीत होते. माझ्याकडे बघून एका रिक्षावाल्याने विचारलं, "पाव्हणं, ताप हाय का?" मी टोपी काढली, मग मफलर, मग स्वेटर. हे सगळं हातात घेऊन फिरणं जास्तच जड झालं. थंडी नाहीच म्हणजे, मी मनात म्हटलं. जावई खरं बोलतो.

जिल्हा नवा झाला होता. असं शहर मी आधी पाहिलं नव्हतं. जिकडेतिकडे पाट्या, आणि निम्म्या पाट्यांचा रंग अजून ओला. कचेऱ्या झाल्या होत्या पण इमारती व्हायच्या होत्या, त्यामुळे कुठलं खातं कुठे बसतं हे खात्यालाच पक्कं ठाऊक नसावं. गौतमच्या कचेरीचं नाव सांगितलं की प्रत्येकजण आत्मविश्वासाने वेगळ्या दिशेला हात दाखवी. चहाच्या गाड्यावरचा म्हातारा मात्र खुशीत होता. "आता कागदासाठी उस्मानाबादला जायाचं काम न्हाई," तो म्हणाला. "हितंच हेलपाटे घालायचे."

शेवटी एका जुन्या धान्याच्या गोदामात गौतम सापडला. कारकून जास्त आणि खुर्च्या कमी, म्हणून तो खिडकीच्या कट्ट्यावर बसून काम करत होता. मला बघून उठला, जयभीम घातला, पाया पडला आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, "मामा, तुम्हीच बघा. कुठाय थंडी?" मी घाम पुसत होतो.

रात्री खानावळीत जेवताना त्याने सगळं सांगितलं. जिल्हा झाल्यापासून भाडी अशी चढली की चार कारकून एका खोलीत राहत होते. खोली मिळाली की वंदनाला आणायचं. तोवर ती मुखेडच्या बाजूला गावी, त्याच्या आईवडिलांजवळ. पाऊस दोन वर्षं रुसलेला, शेतात काही नाही, म्हणून आईवडील पाझर तलावाच्या कामावर जातात. "वंदनाला आईनं कामावर येऊ दिलं न्हाई. म्हणली, सरकारी नोकराची बायकू हाय, तिनं माती उचलायची न्हाई. घरात बसून ऱ्हायची, तरी तक्रार." भाकरी मोडता मोडता तो थांबला. "मामा, गावात लोक आईला बोलून राहिले, सुनंला छळती म्हणून. मपल्या आईनं कुणाला कवा छळलं न्हाई."

मला त्याचं पटलं. वंदनाचंही पटत होतं. एकाच वेळी दोघांचं पटणं फार त्रासाचं असतं.

माळावरचं घर

लातूरहून अहमदपूरवरून मुखेडला जाणाऱ्या बसमधून जे दिसलं ते आमच्याकडच्या लोकांना सांगून खरं वाटणार नाही. आमच्याकडे पाऊस कमी झाला म्हणजे भाताला दोन कणसं कमी. इथे काळी जमीन भेगाळून उघडी पडलेली, नजर जाईल तिथवर आडवं काही नाही. मधे मधे ज्वारी होती, पण घोट्याएवढी होऊन वाळलेली. गौतम म्हणाला, दरसाल या दिवसांत ज्वारीत बैल शिरला तर शिंगंही दिसत नाहीत, आणि पाव्हण्याला हुरडा खाऊ घातल्याशिवाय कुणी सोडत नाही. हुरड्याबद्दल मी ऐकून होतो. जीभ तयार ठेवून आलो होतो, ती मी मुकाट्याने आत घेतली.

मुखेडहून पुढे दुसरी गाडी, मग पायवाट. घर गावाच्या कडेला माळावर, मातीच्या जाड भिंतींचं, वर मातीचं सपाट धाबं, तोंड मावळतीला. गौतमचे वडील केरबा दारातच भेटले. खांद्यावर घोंगडं, बोलणं कमी. आई गयाबाई मागून आल्या, बुटक्या, ताठ, आणि हसल्या तरी भुवया तशाच आवळलेल्या. त्यांनी मला पाय धुवायला भरलेली कळशी दिली.

इथे माझ्या हातून पहिला घोटाळा झाला. आमच्याकडे पाय धुणं म्हणजे पाय धुणं. मी पाय धुतले, तोंड धुतलं, मानेवर ओतलं, चूळ भरली, आणि उरलेलं पाणी सवयीने अंगणात भिरकावलं. बोलणाऱ्यांचं बोलणं थांबलं. जमिनीने ते पाणी माझ्यादेखत पिऊन टाकलं. टँकर दिवसाआड येतो आणि ती कळशी संध्याकाळच्या भांड्यांची होती, हे मला नंतर वंदनाने कानात सांगितलं.

वंदना. तिला बघून मला बरं वाटेना. ओठ फुटलेले, गालांवर पांढरी खवलं, आणि हात तर असे उललेले की चहाचा कप देताना तिने बोटं न वळवता दोन तळव्यांत धरून दिला. चहा कोरा होता, कारण जनावरं चाऱ्याच्या छावणीत. "मामा" अशी तिने हाक मारली की मी आणि केरबा दोघेही "ओ" म्हणायचो, कारण तिकडे सासऱ्यालाही मामाच म्हणतात. एरवी यावर घर हसलं असतं. वंदना हसली नाही.

जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी होते. घरात भाजी नसताना इतकी चव कुठून येते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नाकाडोळ्यांतून पाणी येईतो खाल्ली. जाड भिंती, चुलीची धग, अंगावर वाकळ. झोपताना मी वाकळ पायांवरून सरकवली. आमच्या बर्फाच्या खोलीपुढे ही थंडी म्हणजे थट्टा होती.

थर्मामीटरचा निवाडा

दुसऱ्या दिवशी सुटीचा वार होता, काम बंद. सकाळी गौतमच म्हणाला, "मामा, थर्मामीटर आणलाय ना? मग होऊन जाऊ द्या." मी आधी तो पुढच्या दाराच्या चौकटीला टांगला. सगळे ओट्यावर बसून पाऱ्याकडे बघत होते. पारा तेरा अंशांजवळ थांबला.

मग वंदना म्हणाली, "मागं लावा."

मागचं अंगण उगवतीला. ती बायकांची जागा. भांडी घासायचा दगड, न्हाणीचा दगड, राखेचं डबडं. सकाळच्या वेळी पुरुषमाणसं तिकडे फिरकत नाहीत, म्हणून गौतमने दाराआडून हात लांब करून थर्मामीटर खुंटीला अडकवला आणि बाजूला झाला. थोड्या वेळाने काढून बघितला. तेराच.

"बघा," गौतम म्हणाला. त्यात विजय नव्हता, सुटका होती. "पुढं तेवढीच, मागं तेवढीच. तुमचाच थर्मामीटर."

"म्या तीस वरसं हितं भांडी घासली," गयाबाई म्हणाल्या. "पाटं उठून. लेकरं पाठीला बांधून. मला कवा न्हाई वाजली थंडी. आन मी काय लोखंडाची हाय का?" त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

वंदना आत गेली. मी थर्मामीटर हातात घेऊन उभा. वाटलं, तो बिघडला असेल, म्हणून दारातून हात लांब करून पुन्हा मागच्या खुंटीला टांगला. मग वाटलं, इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर लाद्या काढल्या तो आजच कसा बिघडेल? थर्मामीटर खरा, सासू खरी, आणि पोरीचे फुटलेले हातही खरे. तिन्ही एका पिशवीत बसेनात.

दुपारी मी तिला समजवायला गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "अगं, पारा तेराच दाखवतो. आमच्या खोलीत तर पाणी गोठतं."

"मामा," ती खाली बघूनच म्हणाली, "मला घरी न्या."

"पण थंडी..."

"थंडी राहू दे. इथे कुणाला माझं खरं वाटत नाही. आता तुम्हालाही नाही."

मी तसाच उठलो आणि गौतमला सांगितलं की उद्या मी तिला घेऊन जातो. त्याने वळत असलेली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "न्या. पण मामा, असली माघारी गेलेली बायकू मी आणायला येणार न्हाई. आईवर बट्टा लावून ती जाणार, आन मी मागं जाऊ?" आवाज चढवला नव्हता. तो सरळ माणूस आहे हे मी आधी सांगितलंच. सरळ माणसाने शब्द दिला की तो मोडत नाही, याची मला त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. वंदनाने आतून ते ऐकलं आणि तरी पिशवी भरली.

मागचं अंगण

निघायच्या दिवशी पहाटे गयाबाईंनी हाक मारली. "पाव्हणं, उठा, पाणी तापलंय." मी हात जोडले, दुष्काळात एवढं पाणी मला नको म्हटलं. "आंगूळ न करता पाव्हणा दारातून जात असतो का?" त्या म्हणाल्या. "ते पाणी वाया जात न्हाई, खालच्या घमेल्यात पडंल, भांड्याला व्हईल." एरवी या वेळेला त्या पुढच्या दारानेच कामावर चालू पडत. त्या दिवशी माझ्यासाठी त्यांनी काम पाडलं होतं.

घरचे पुरुष पुढे ओट्याखालीच अंग धूत, पण पाव्हण्याची न्हाणी मागे. मी पंचा लावून दगडावर बसलो. बादलीतून वाफा येत होत्या. पहिला तांब्या घेतला तो कडकडीत. साबण लावला. उगवतीकडून वारं आलं. जोराचं नव्हे, आमच्या बंदरावर त्याला कुणी वारं म्हटलं नसतं. पण ते माळावरून जे निघालं ते कुठेही न अडता थेट माझ्या ओल्या पाठीवर आलं. दुसरा तांब्या कोमट लागला. तिसरा घेईपर्यंत बादलीतली वाफ गेली होती. माझी दातखीळ बसायची वेळ आली. तोंडाने "अजून पाणी" म्हणायचं होतं, पण नुसतं "अअअ" एवढंच निघालं. मी, बर्फाच्या कारखान्यातला. थर्मामीटर अजून तिथेच खुंटीला लटकत होता आणि तेराच दाखवत होता. पारा मला हसतो आहे असं वाटलं.

"काय झालं?" म्हणून गयाबाई उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन मागे आल्या. तोंड फिरवून त्यांनी पाणी बादलीत ओतलं. ओतताना मनगटापर्यंत भिजल्या. मी घाईने पाणी अंगावर घेऊन पंचा गुंडाळला आणि आत पळालो. चुलीपुढे बसल्यावर लक्षात आलं की त्या मागोमाग आल्या नाहीत.

दारातून बघितलं. त्या ओले हात पुढे धरून तिथेच उभ्या होत्या. वाऱ्याने लुगडं पायांना चिकटलं होतं. हात काखेत घातले, पुन्हा काढले, बोटं उघडझाप करून बघितली. मग भांडी घासायच्या दगडापाशी गेल्या, वाकल्या, दगडावर नेहमी बसतात तशा बसल्या आणि उगवतीकडे तोंड केलं. समोर काहीच नव्हतं. मोकळा माळ.

"गौतम," त्यांनी हाक मारली. "हितं गंजी ऱ्हायची आपली."

गौतम डोळे चोळत दारात आला. गयाबाईंनी हाताने दाखवलं, कुठून कुठवर. दरवर्षी त्या जागी कडब्याची गंजी रचलेली असे, घराच्या धाब्याएवढी उंच, आणि तिच्यामागे डोक्याएवढी ज्वारी उभी. यंदा ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून जनावरं छावणीत. हे सगळं घर रोज बोलत होतं. पण गंजी गेली म्हणून मागचं अंगण उघडं पडलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुरुष तिकडे जात नाहीत. सासू यंदा तिकडे गेली नव्हती. आणि सुनेने गंजी कधी पाहिलीच नव्हती.

"म्या तीस वरसं कडब्याच्या आडूशाला बसले," गयाबाई म्हणाल्या. "आन हिला म्हणत ऱ्हाईले, मला कवा वाजली न्हाई."

वंदना चुलीपाशी भरलेल्या पिशवीजवळ बसली होती. गयाबाई आत आल्या आणि तशाच गार हातांनी त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. तिने दचकून सोडवायला बघितलं, कारण भेगांना लागलं असणार. त्यांनी सोडले नाहीत. "पोरी, तू खोटं बोलून राहिली न्हवतीस," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "तुला जायाचं तर जा. गौतम न्यायला येतो का न्हाई ते मी बघते. न्हाई आला तर मी येईन, बोटीत बसून."

आमच्याकडे यायला बोट लागत नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. वंदना रडली. महिनाभराचं साठलेलं रडली. गौतम दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मग तो मागे गेला. बराच वेळ आला नाही म्हणून बघितलं तर तो भांडी घासायचा दगड उचलायची खटपट करत होता. केरबा घोंगडं टाकून मदतीला गेले. बापलेकांनी तो दगड ढकलत ढकलत घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आणला, ओट्याखाली, जिथे गावचे पुरुष येऊन बसतात तिथे.

"हितं बाईमाणसानं भांडी घासायची?" केरबा पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना मागं नेऊन बसवते," गयाबाई म्हणाल्या. "वल्ल्या हातानं."

परतताना

मी एकटाच निघालो. वंदनाने पिशवीतले कपडे परत खुंटीवर लावले होते. का राहिलीस म्हणून मी विचारलं नाही. फाट्यावर पोचवायला गौतम आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "मामा, मग तेरा खरं का खोटं?"

मी म्हटलं, खरंच असणार. पण मग थंडी? बसमध्ये मी याचाच विचार करत होतो. चाकूरला गाडी थांबली. चहा बशीत ओतून फुंकर मारली आणि हात तसाच राहिला. आपण जन्मभर फुंकून चहा निववतो. चहा गरम असतो म्हणून फुंकर त्याची धग नेते. माणसाच्या अंगातही धग असते, ओल्या अंगातून ती आणखी लवकर जाते. थर्मामीटरच्या अंगात स्वतःची कसली ऊब? त्याच्याकडून वारं नेणार तरी काय? आमच्या बर्फाच्या खोलीत वारा नसतो, म्हणून मी तिथे शूर. हे मला पटलं, पुढच्या स्टँडला पुन्हा गोंधळायला झालं, आणि लातूरला उतरेपर्यंत मी तो नाद सोडून स्वेटर घातला.

घरी पोचलो तर ताई दारातच उभी. माझ्या मागे कुणी नाही हे तिने आधी बघितलं. पाणीही विचारलं नाही.

"थंडी होती का तिथे?"

"होती," मी म्हटलं. "फार."

"मग तिला आणलीस का नाही?"

"आता तिथे सगळ्यांनाच वाजते."